मर्जी असेपर्यंत

सरकार बदलले की आमच्या भागात दोन याद्यांची वाट पाहिली जाते. एक बदल्यांची आणि दुसरी रद्द झालेल्या नेमणुकांची. पहिलीची चर्चा हॉटेलातल्या बाकावर होते, कारण ती तहसील, पोलीस ठाणे आणि शाळेपर्यंत येऊन पोचते. दुसरीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. तिच्यात महामंडळांचे अध्यक्ष असतात, कसल्याकसल्या मंडळांचे सदस्य असतात, आणि खाली कुठेतरी विद्यापीठाच्या सिंडिकेटवरची काही नावे असतात. कर्नाटकात ज्याला सिंडिकेट म्हणतात त्याला महाराष्ट्रात पूर्वी कार्यकारी परिषद म्हणत, आता व्यवस्थापन परिषद म्हणतात. नाव काहीही असो, विद्यापीठाचा पैसा, जमीन, नेमणुका आणि परीक्षा यांची शेवटची सही याच टेबलावर होते. तिथे काही माणसे अधिकारपरत्वे येतात, काही कुलपती नेमतात आणि काही शासन नेमते. या शेवटच्या माणसांविषयी मला बोलायचे आहे. त्यांना काढणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न वर्तमानपत्रात नेहमी पक्षाच्या भाषेत मांडला जातो. तो मुळात नीतीचा प्रश्न आहे असे मला वाटते.

प्रश्न सोपा दिसतो. ज्याने नेमले त्याने काढले. त्यात तक्रार कसली? शेताच्या राखणीला ठेवलेला गडी मालकाला नको झाला तर तो बदलतो. शासन तर लोकांनी निवडून दिलेले आहे. जुन्या शासनाने नेमलेली माणसे नव्या शासनाच्या उरावर तीन-तीन वर्षे का बसावीत? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही तो एका परीने मान्य केलेला आहे. उत्तर प्रदेशातील शहाजहानपूर नगरपालिकेवर शासनाने नेमलेल्या दोन महिला सदस्यांना पुढच्या शासनाने काढले आणि आपल्या पसंतीच्या आणल्या. 1993 साली न्यायालयाने सांगितले, की जी नेमणूक मुळात राजकीय विचाराने झाली ती राजकीय विचाराने संपली तर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. मर्जीने आलात, मर्जीने जा. रोखठोक निकाल आहे, आणि माझ्या मते त्या सदस्यत्वापुरता प्रामाणिकही आहे. जो माणूस केवळ आमदारांच्या मागे फिरून सिंडिकेटवर गेला, त्याने आमदार पडल्यावर स्वायत्ततेच्या नावाने गळा काढू नये.

पण गडी आणि विश्वस्त यांच्यात फरक आहे, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. राखणदाराचे इमान मालकाशी असते. विश्वस्ताला नेमतो एक, आणि त्याचे इमान असते दुसऱ्याशीच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या घराघरात आहे, आणि बिदरच्या माणसाला ती जरा जास्तच जवळची, कारण त्या कथेतला बादशहा आमच्या गावचा. दामाजीपंतांना नेमले बादशहाने, कोठाराच्या किल्ल्या दिल्या बादशहाने. दुष्काळात त्यांनी कोठारे उघडली ती मात्र भुकेल्यांसाठी. आपण या कथेत विठू महाराच्या रूपाने आलेल्या पांडुरंगापाशी थांबतो आणि डोळे पुसतो. मला नेहमी वाटते, की विठ्ठल आला नसता तर? बादशहाची मर्जी गेली असती, हे उघड आहे. दामाजी चुकले, असे मात्र आपल्यापैकी कोणी म्हटले असते का?

कथा बाजूला ठेवून इतिहासाकडे यावे, तर तोही आमच्या उंबऱ्यावर उभा आहे. नौबादहून शहरात शिरून किल्ल्याकडे निघालो की वाटेत महमूद गावानचा मदरसा लागतो. निळ्या फरशांचा एक मिनार उभा आहे, दुसरा 1696 च्या स्फोटात गेला. इराणातील गिलानहून आलेल्या या वजिराने 1472 च्या सुमारास हे विद्यालय उभारले. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. शाळेची सहल आली की मुले मिनार किती उंच ते विचारतात, आणि वजिराचे काय झाले हे सांगायचे राहून जाते. ते असे झाले. गावानने बहामनी राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या, सरदारांच्या हातचे किल्ले कमी केले. दरबारात दखनी आणि परदेशी असे दोन तट होतेच. दुखावलेल्यांनी त्याच्या शिक्केकऱ्याला हाताशी धरून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले. सुलतान तिसऱ्या महंमदशहासमोर ते ठेवले गेले. गावानने शिक्का आपला असल्याचे कबूल केले आणि मजकूर आपला नसल्याचे सांगितले. सुलतानाने ते ऐकून घेतले नाही. एप्रिल 1481 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या माणसाचा शिरच्छेद झाला. चौकशीही झाली म्हणे, पण शिक्षेनंतर. आणि त्याच्या घरात साठवलेले धन फारसे निघालेच नाही. वर्षभरात सुलतान गेला आणि पुढे राज्याची पाच शकले झाली. एका अन्यायाने राज्य मोडले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ते आधीच आतून तडकलेले होते. पण आधी शिक्षा आणि मग चौकशी हा क्रम मला या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. सुलतानाला मारण्याचा अधिकार नव्हता असे त्या काळात कोणीच म्हणाले नसते. अधिकार होता, कारण दाखवले गेले होते, कागदही होता. ऐकून घेणे तेवढे नव्हते.

पाचशे वर्षांनी, राजेशाही गेल्यावर, हाच पेच हैदराबादेत आला. आमच्या घरातल्या पदव्या पाहिल्या तर आजोबांच्या प्रमाणपत्रावर उस्मानिया विद्यापीठ, वडिलांच्या धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, माझ्या गुलबर्गा आणि आता मुलीच्या बिदर. घर कोणी बदलले नाही, सरकारेच बदलत गेली. त्यातल्या पहिल्या विद्यापीठाची ही हकीकत. डॉ. डी. एस. रेड्डी हे उस्मानियाचे कुलगुरू, म्हणजे पदसिद्ध सिंडिकेटचे प्रमुख. 1964 मध्ये त्यांची पाच वर्षांसाठी फेरनेमणूक झाली होती. पुढच्याच वर्षी आंध्र प्रदेश शासनाने विद्यापीठावरची आपली पकड वाढवणारी दुरुस्ती आणायचे ठरवले. रेड्डींनी तिला उघड विरोध केला. 1966 मध्ये दोन दुरुस्त्या झाल्या. पहिलीने कुलगुरूंची मुदत पाचाची तीन वर्षे केली, पण त्यांना काढायचे तर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडून चौकशी झालीच पाहिजे असेही घातले. उत्तम कलम. मग काही महिन्यांतच दुसरी दुरुस्ती आली: जे आज पदावर आहेत त्यांच्या जागी नव्वद दिवसांत नवा कुलगुरू नेमावा, आणि तो येताच त्यांनी जावे. म्हणजे यापुढच्या प्रत्येक कुलगुरूला चौकशीचे संरक्षण, आणि या एकट्या गृहस्थाला नाही. कायद्यात नाव लिहिलेले नव्हते, पण अंगरखा एकाच माणसाच्या मापाने शिवलेला होता. उच्च न्यायालयात रेड्डी हरले. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम समतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केले. एकाच खुर्चीला दोन न्याय कशासाठी, याचे उत्तर शासनाला देता आले नव्हते.

मला या निकालातून दिसते ते असे, की अन्याय काढण्यात असेलच असे नाही. तो रीत मोडण्यात असतो. विधिमंडळाने बहुमताने कायदा केला, म्हणजे लोकशाही पाळली, असे तेव्हाही म्हटले गेले असणार. गावानच्या पत्रावरही शिक्का खराच होता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर विद्यापीठातली प्रत्येक खुर्ची देवघरात बसवल्यासारखे होईल. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने सतराएक लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐन परीक्षेच्या तोंडावर घेतला. जुलैअखेरची मुदत उलटली तरी निकाल नाहीत. परदेशी जाणाऱ्या मुलांचे प्रवेश अडले. 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलपतींनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. तिथे निदान दोष सगळ्या महाराष्ट्राला दिसत होता आणि तो कामाचा होता. विद्यार्थ्याचे वर्ष ज्याच्या हातात आहे त्याला काढताच येऊ नये, असे म्हणणारा शिक्षक मला तरी भेटलेला नाही. कारण कामाचे आहे की गोटाचे, एवढे पाहिले तरी बरेच उलगडते. 2004 मध्ये केंद्रातले सरकार बदलल्यावर चार राज्यपालांना काढले गेले, त्या प्रकरणात 2010 साली घटनापीठाने जवळपास हीच रेघ ओढली. पद मर्जीवर असले तरी मर्जी म्हणजे लहर नव्हे. कारण सांगितले नाही तरी चालेल, पण कारण असले पाहिजे. आणि ‘तो आमच्या विचाराचा नाही’ हे कारण होत नाही. मी यात एकच भर घालीन. विद्यापीठाच्या बाबतीत कारण सांगितलेही पाहिजे. राज्यपाल राजभवनात राहतात, सिंडिकेटचा सदस्य आपल्या मुलांच्या निकालपत्रावर बसलेला असतो.

आता ज्या गोष्टीची कुठल्याच निकालात नोंद होत नाही तिच्याकडे येतो. काढण्याचा अधिकार न वापरताही काम करतो. तीसेक वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ समित्या पाहिल्या. एका संस्थेच्या बैठकीत एका वृद्ध सदस्याने प्रयोगशाळेच्या खर्चाची पावती मागितली. कोणी रागावले नाही. चिवडा आला, चहा आला, विषय पुढे गेला. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांचे नाव यादीतून गळले. त्यानंतर त्या टेबलावर कोणीही पावती मागितली नाही, आणि हेच त्या काढण्याचे खरे काम होते. एक माणूस गेला, दहा माणसे गप्प झाली. गप्प झालेल्यांना कोणी काढत नाही, म्हणून त्यांच्याविषयी वादही होत नाही.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात याला आणखी एक धार आहे. समजा, औराद किंवा भालकी भागातल्या मराठी मुलांच्या परीक्षा केंद्राचा, मराठीच्या प्रश्नपत्रिकेचा, किंवा रिकाम्या राहिलेल्या मराठी प्राध्यापकाच्या जागेचा विषय सिंडिकेटपुढे आला. तो मांडणारा सदस्य मराठीच असेल असे नाही. कन्नड किंवा उर्दू घरातला न्यायी माणूस तो जास्त चांगला मांडील. पण आपण मर्जीवर आहोत हे ज्याला ठाऊक आहे, तो आधी इकडेतिकडे पाहणार. आपल्यावर अमक्या भाषेचा, तमक्या गटाचा शिक्का बसेल का, याचा हिशेब करणार. तसाच हिशेब सीमेपलीकडे नांदेडच्या विद्यापीठात कन्नड मुलांचा विषय मांडणारा करीत असेल. त्या विद्यापीठाला ज्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, ही गोष्ट दोन्हीकडच्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. असो.

म्हणून काढणाऱ्यांपेक्षा नेमणूक स्वीकारणाऱ्यांकडे मला अधिक काही मागावेसे वाटते. पत्र हातात पडले त्या दिवशी हे ठरलेले असावे, की हे पद उद्या गेले तर आपले काय जाईल. ज्याचे फक्त मोटारीवरचे पाटीचे नाव जाईल तो बोलू शकतो. ज्याचे महाविद्यालयाचे अनुदान, मुलाची नोकरी किंवा कंत्राट जाईल, तो बोलणार नाही. त्याने पत्र नम्रपणे परत करावे. अपेक्षा फार वाटते, पण मंगळवेढ्याच्या एका कारकुनाने याहून अवघड गोष्ट केल्याचे आपण दर कार्तिकीला कीर्तनात ऐकतो.

बिदर विद्यापीठ 2023 मध्ये स्थापन झाले. त्याच्याबरोबर निघालेल्या इतर नव्या विद्यापीठांच्या डोक्यावर 2025 मध्ये बंद होण्याची टांगती तलवार आली, बिदरला मात्र वगळले गेले. विद्यापीठ लहान आहे, नवे आहे, सवयी अजून पडायच्या आहेत. सदस्य येतील, जातील, काही काढलेही जातील. त्या वेळी कोणत्या पक्षाचा माणूस गेला हे विचारण्याआधी, तो शेवटच्या तीन बैठकींत काय बोलला होता ते पाहावे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून बैठकीचे इतिवृत्त मागता येते. ते कन्नडमध्ये येईल. वाचून दाखवायला आपल्या घरात आता मुले आहेतच.