साक्षीदाराचे मोल

गाजलेल्या चित्रपटाची नवी आवृत्ती पाहावयास बसणारा प्रेक्षक बहुधा अन्याय करण्याच्याच तयारीने बसतो. कारण मूळ कृतीवर स्मरणाने जे तेज चढवलेले असते, ते नव्या कृतीकडून पहिल्याच दिवशी मागणे रास्त नव्हे. इतकी सवलत देऊनही २०१३ साली आलेल्या ‘जंजीर’ने जी निराशा पदरी घातली, तिचे खापर नायक रामचरणच्या माथी फोडणे मला पटत नाही. अमिताभ बच्चन यांची सर दुसऱ्या कोणास आली नाही, हा काही गुन्हा नव्हे. या चित्रपटातील अपराध साक्षीदारांच्या संबंधात घडला आहे.

१९७३ च्या ‘जंजीर’ची कीर्ती संतापलेल्या फौजदाराची म्हणून झाली, खुर्चीला मारलेली लाथ आणि शेरखानाची मैत्री लोकांच्या ध्यानात राहिली, परंतु सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या आणि प्रकाश मेहरांनी पडद्यावर आणलेल्या त्या कथेचा नैतिक कणा मला तरी अन्यत्रच दिसतो. चाकू-सुऱ्यांना धार लावीत गल्लोगल्ली हिंडणारी माला एका भरधाव मोटारीखाली मुले चिरडलेली पाहते, आणि टोळीवाल्यांनी पुढे केलेला पैसा घेऊन तोंड मिटून बसते. तिने पैसे घेतले याबद्दल लेखक तिचा धिक्कार करीत नाहीत, कारण ज्याच्या पोटाची भ्रांत रोजची आहे त्याला सत्याची किंमत इतरांहून अधिक मोजावी लागते, हे त्यांना ठाऊक आहे. तो फौजदार, विजय, तिला उपदेश करीत बसत नाही. तो तिला शवागारात नेतो, आणि त्या मुलांच्या कलेवरांपुढे उभी राहिल्यावर, पुढे आपल्या जिवावर बेतेल हे उमगत असूनही, ती जबानी देण्यास तयार होते.

तीच गोष्ट डिसिल्व्हाची. विषारी दारूने ज्याचे तिन्ही मुलगे नेले तो हा भ्रमिष्ट म्हातारा पोलिसांना दूरध्वनीवरून खबर देतो, पण नाव सांगत नाही. त्याचे धैर्य तेवढ्यापुरतेच आहे. पुढे लाचखोरीच्या बनावट खटल्यात अडकून विजय तुरुंगवास भोगून येतो आणि मालाच्या आग्रहाखातर सूडाचा नाद सोडण्याचे वचन देतो, तेव्हा त्या वृद्धाच्या दुःखापुढे ते वचन त्याला आतून कुरतडू लागते, आणि अखेरीस मालाच त्याला वचनमुक्त करते. स्वतःच्या भवितव्यावर पाणी सोडणारी ही संमती चित्रपटातल्या कोणत्याही हाणामारीहून मोठी आहे, असे माझे मत आहे.

नव्या चित्रपटातील माला परदेशातून एका लग्नसमारंभासाठी मुंबईत आलेली सुखवस्तू तरुणी आहे. तीही एक खून पाहते. मात्र साक्ष देण्याचे टाळताना तिच्या तराजूत पडते ते बहुतांशी बिघडलेल्या सहलीचे वजन. वारसाहक्काचा दाखला मिळावा परंतु मिळकतीवरील कर्ज नको, अशीच काहीशी ही वृत्ती आहे. आणि चित्रपटाचे एक निर्माते प्रकाश मेहरांचे चिरंजीव होते, तर मूळ लेखकांना आपल्या हक्कासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, हेही या संदर्भात नमूद केलेले बरे.

याहून अधिक खटकते ते असे, की या मंडळींच्या हाताशी खऱ्या साक्षीदारांची उणीव नव्हती. विषारी दारूच्या जागी त्यांनी तेलमाफिया आणला, आणि ती निवड मुळीच वाईट नव्हती. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्याच दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनातील भेसळ उघडकीस आणताना दिवसाढवळ्या जिवंत जाळण्यात आले. त्याच वर्षी जून महिन्यात गुन्हेवार्ता लिहिणारे पत्रकार जे. डे यांची पवईत गोळ्या घालून हत्या झाली. अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेला जयदेव हा पत्रकार या दुसऱ्या घटनेची उघड आठवण करून देतो. पण ज्यांनी पाहिलेले सांगण्यापायी प्राण गमावले, त्यांची छाया कथेवर घ्यावयाची आणि मग खलनायक तेजा व त्याची सोबतीण मोना यांच्या उथळ चेष्टामस्करीत पडदा अडवून ठेवावयाचा, यास बेमुर्वतपणा म्हणावे नाही तर काय म्हणावे?

मला राहून राहून वाटते, की त्या परदेशस्थ पाहुणीऐवजी मनमाडच्या रस्त्यावरील एखाद्या चहावाल्यास साक्षीदार केले असते, तर जुन्या चित्रपटाचे एकही वाक्य उसने न घेता नवा ‘जंजीर’ उभा राहिला असता. ज्या टँकरवाल्यांच्या गिऱ्हाइकीवर त्याचे दुकान चालते त्यांच्याचविरुद्ध तो जबानी देईल काय, पंचनाम्यावर सही करील काय, आणि केल्यास दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यात, त्याच रस्त्यावर दुकान उघडावयाचे ते कोणाच्या भरवशावर?