खुडूक न बसणारी

निवांत बसा. डोळे मिटायची सक्ती नाही; मिटल्यावर ज्यांना पाणी दिसतं त्यांनी मिटावेत.

समोर एक उथळ खाडी आणा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची, गवताळ काठाची. पाण्यावर एक पेकिन बदक आहे. चोच आणि पाय नारिंगी, बाकी अंग सायीसारखं पांढरं. त्याला कुठंही जायची घाई नाही.

ते काठावर येतं. तरंगताना न जाणवलेलं वजन चालीत दिसतं, जवळजवळ चार किलो. पूर्वज मैलोन्‌मैल उडणारी रानबदकं, पण याचे पंख हा भार उचलत नाहीत. शेपटीवर एक पीस कुरळं होऊन वर वळलंय, म्हणजे हा नर. आवाज घोगरा. गलका करते ती मादी.

आता त्याच्या पाठीवर राहिलेला एक थेंब बघा. अळवावरचं पाणी आपल्या ओळखीचं. पण अळवाचं पान नुसतं पसरून असतं. बदकाला राबावं लागतं. मान मागे वळते, चोच शेपटीच्या मुळाशी घासते, तिथल्या ग्रंथीतलं तेल घेते आणि एकेक पीस चोचीतून ओढत नेते. पाणी अडवते ती मुख्यतः पिसांची बारीक वीण. तेल ती वीण मऊ, लवचीक ठेवतं. एक पीस. मग पुढचं. तुमचा श्वास त्या लयीत येतोय का, बघा.

जरा मागे जाऊ. 1873. चीनहून आलेलं जहाज न्यूयॉर्कला लागतं आणि त्यातून नऊ बदकं जिवंत उतरतात. अंडी पेकिंगची, उबवलेली शांघायमध्ये, कोंबड्यांच्या पोटाखाली. अमेरिकेतल्या पेकिन बदकांचा वंश इथून सुरू झाला.

कोंबड्यांच्या पोटाखाली, या शब्दांवर थोडं थांबा. आपल्याकडे कोंबडी खुडूक बसली की अंगणातल्या बाईला चटकन कळतं. पेकिन मादी सहसा खुडूक बसतच नाही. वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते आणि उठून जाते. जी बसते ती अंडी द्यायची थांबते. माणसाला अंडी हवी होती, म्हणून न बसणाऱ्या मादीचाच वंश वाढवला गेला. बसण्याची ओढ अशी पिढ्यापिढ्यांत विरत गेली. अंडी उबवायचे अठ्ठावीस दिवस आता यंत्र सांभाळतं.

मांसासाठी वाढवलेलं पिल्लू सातव्या आठवड्याच्या आसपास कापलं जातं. अंगणात लाडानं पाळलेलं आठ-दहा वर्षं जगू शकतं. दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवा. लगेच निकाल देऊ नका.

गदिमांच्या गाण्यातलं पिल्लू शेवटी राजहंस निघालं. यंत्रातून निघालेलं हे पिवळं पिल्लू पांढरंशुभ्र होईल आणि बदकच राहील. मला हे जास्त आवडतं.

त्या पिल्लाजवळ शेवटची दोन मिनिटं बसा. कोणीतरी त्याला घमेल्यातल्या पाण्यात क्षणभर सोडून लगेच उचललंय, कारण आईच्या पोटाखाली न वाढलेलं पिल्लू पाण्यात गारठतं. पंचावर ते उभं आहे, ओलं, थरथरतं. पिसं अजून फुटलेली नाहीत, नुसती लव. आई त्यानं कधी पाहिलेली नाही. ते मान मागे वळवतं, तोल जाऊन बसकण मारतं, उठतं, आणि चोच पुन्हा शेपटीच्या मुळाशी नेतं.