मदतनिसाचा हात

हथखोज हे भिलाईतल्या औद्योगिक वसाहतीचे नाव. व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यात हाताचा शोध ऐकू येतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यात रूळ तयार होतात. ते घडवणाऱ्यांची नावे कोणी विचारत नाही, आणि त्यात अन्याय झाला असेही कुणाला वाटत नाही. मग मोठ्या शिल्पकाराच्या हाताखाली राबणाऱ्या मदतनिसाचे नाव राहिले, तर आपल्याला का खटकते?

राम सुतार यांची सुरुवात आठवावी. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे सुतार १९५३ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून मेयो पदक मिळवून बाहेर पडले. १९५४ ते १९५८ ते पुरातत्त्व खात्यात होते. अजिंठा-वेरूळची भंगलेली शिल्पे दुरुस्त करणे हे त्यांचे काम. तेही एका अर्थी मदतनीसच. फक्त त्यांचे उस्ताद हजाराहून अधिक वर्षांपूर्वी निघून गेले होते. अशा कामात आपला हात दिसला की काम फसले. पदकविजेत्याने स्वतःची ढब बाजूला ठेवून दुसऱ्याच्या रेषेमागे जायचे. यात कमीपणा नाही. हात असाच तयार होतो.

पण पॅरिसमध्ये कामिय क्लोदेलने १८८० च्या दशकात रोदँच्या कार्यशाळेत काम केले. रोदँच्या शिल्पांत तिचा हात नेमका कुठे आहे, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तिथे हात शिल्पात मिसळला, आणि नोंदीतही धूसर झाला. ब्रँकुसी १९०७ मध्ये त्याच कार्यशाळेतून थोड्याच काळात बाहेर पडला. पण पोटासाठी आलेल्या प्रत्येकाला असे निघून जाता येत नाही.

मला फरक इथे दिसतो. शिल्पावर एकाचे नाव असणे रास्त आहे, कारण आकार चुकला तर जाब त्यालाच द्यावा लागतो. सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे शिल्पकार म्हणून सुतारांचे नाव घेतले जाते, ते याच न्यायाने. पण तो उभा करायला असंख्य हात लागले. जाब एकाने द्यायचा म्हणून श्रेयही सगळे त्याचेच, असे होत नाही. मदतनिसाचा हात मूर्तीत दिसू नये, ही कलेची अट झाली. मजुरीच्या वहीत आणि कामाच्या नोंदीत तो दिसलाच पाहिजे. तिथून तो पुसणे ही लबाडी.