पायरीवरची चकाकी

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन असलं की गर्दी लांब पल्ल्याच्या गाड्यांभोवती होते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथेही गाडी बोगद्यातून बाहेर पडली की पोरं टाळ्या पिटतात. वेगाचं आकर्षण असायचंच. पण या छंदात मुरलेला माणूस पुढे कधीतरी एका बुटक्या इंजिनाच्या नादी लागतो. ते असतं शंटिंगचं इंजिन. यार्डात, बंदरात, पोलादाच्या कारखान्यात वाघिणी ओढायच्या, ढकलायच्या, हव्या त्या क्रमाने लावून द्यायच्या, हे त्याचं काम. वेळापत्रकात त्याला जागा नसते आणि निरोप द्यायला फलाटावर कुणी येत नाही. मात्र मालगाडी सुटायची तर आधी ती जुळवावी लागते, आणि जुळवणारं हेच असतं.

तळोज्यात राहणाऱ्याला हे पटकन कळतं. दिवा–पनवेल मार्ग इथूनच जातो. तळोजे पाचनंद, नावडे रोड, कळंबोली ही स्थानकं ओळीने येतात. कळंबोलीत पोलादाचा बाजार आहे आणि एमआयडीसीत रसायनांपासून मासळी प्रक्रियेपर्यंत सगळे कारखाने आहेत. मालगाडीची धडधड इथल्या घरांच्या अंगवळणी पडली आहे. मालाची ही ने-आण या परिसराला नवी नाही. खाडीपलीकडे मुंबई बंदराने १९१५ मध्येच स्वतःची रेल्वे सुरू केली होती, गोदीतला माल हलवण्यासाठी.

आपल्याकडचं शंटिंगचं नमुनेदार इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएस-४. चित्तरंजनच्या कारखान्याने ते १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बनवलं. डिझेल-हायड्रॉलिक, चाकांच्या तीन जोड्या, त्या जोड्या एकत्र फिरवणारे बाहेरून दिसणारे दांडे, आणि वजन साधारण ६० टन. त्याची एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, प्रतिकृती करायची ठरवली की पहिली अडचण गणिताची येते. लांबी ८७ पटीने कमी होते, पण वजन ८७ चा घन करून त्या पटीने कमी होतं. त्या हिशेबाने साठ टनांच्या इंजिनाच्या वाट्याला येतात फक्त ९१ ग्रॅम. एवढ्या हलक्या अंगाने चाकं रुळांना नीट धरत नाहीत, म्हणून हुडाखाली जागा मिळेल तिथे शिशाचे तुकडे बसवावे लागतात. शिवाय वीज रुळांतूनच येते आणि ती उचलायला चाकं सहाच. रुळावर धुळीचा एक कण आला तरी इंजिन जागच्या जागी थबकतं. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारात सहज मिळणारे रूळ मात्र साडेसोळाचे, परदेशी गेजच्या हिशेबाने केलेले. ही तडजोड बहुतेक जण मान्य करतात. मोठ्या इंजिनात अशा गोष्टी खपून जातात. इथे अंगच एवढंसं, की काही लपवायला जागा नसते.

हे सगळं जमलं तरी हातात येतं ते नवंकोरं खेळणं. ते खरं वाटू लागतं ते रंग उडवल्यावर, गंज चढवल्यावर. आणि इथे हात नुसता सफाईदार असून भागत नाही, डोळा लागतो.

मळ उगाच कुठेही बसत नाही. लांब पल्ल्याचं इंजिन एका दिशेला शंभरच्या वेगाने धावतं, त्याच्या अंगावरची धूळ मागे ओढल्यासारखी दिसते. शंटिंगचं इंजिन दिवसभर मागेपुढे, माणसाच्या चालीने. म्हणून पावसाचे ओघळ सरळ खाली उतरतात आणि दोन्ही टोकं सारखीच मळतात. सतत थांबायचं आणि सुटायचं असल्यामुळे ब्रेकच्या लोखंडाची तांबूस भुकटी चाकांवर आणि चौकटीवर दाट बसते. डिझेल भरण्याच्या तोंडाखाली ओला, काळा, चकचकीत पट्टा असतो. धुराड्याच्या भोवती कोरडी काजळी. दोन्ही काळेच, पण एक तेल लावून दाखवायचा आणि दुसरा पेस्टल खडूची पूड चोळून. गंजही एकरंगी नसतो. ताजा असतो तो नारिंगी, मुरलेला असतो तो जवळजवळ काळपट तपकिरी. तळोज्यात चार महिन्यांचा धुवाधार पाऊस, खाडीचा दमट वारा आणि कारखान्यांची हवा यांत उभं असलेलं कुठलंही पत्र्याचं फाटक नीट पाहिलं तर गंजाच्या या सगळ्या छटा एकाच ठिकाणी सापडतात. पाणी जिथे साचून राहतं तिथून गंजाची सुरुवात होते.

ही सगळी टिपणं करत प्रतिकृती बनवणारा शेवटी पोहोचतो पायरीपाशी. इंजिनाच्या कोपऱ्यावरची ही पायरी या मापात चार मिलिमीटरसुद्धा रुंद नसते. शंटिंगच्या वेळी पॉइंट्समन तिच्यावर उभा राहतो, एका हाताने दांडी धरतो, दुसऱ्या हाताने चालकाला खूण करतो, उतरतो, वाघीण जोडतो, परत चढतो. पाळीभर हेच. त्या पायरीच्या कडांना गंज असतो, कोपऱ्यात ग्रीस आणि माती असते. मध्यभागी मात्र रंगही नसतो आणि गंजही नसतो. तिथे उघडं लोखंड चकाकत असतं. बुटाच्या तळव्याने ते रोज घासलं जातं, म्हणून गंजाला तिथे धरायला फुरसतच मिळत नाही. दांडीचंही तसंच. हात जिथे पडतो तेवढाच भाग गुळगुळीत. प्रतिकृतीत हे दाखवायला महागडा रंग लागत नाही. मऊ पेन्सिलीचं टोक त्या मधल्या भागावरून दोनदा फिरवलं की ग्रॅफाइटची राखाडी झळाळी उतरते आणि पायरी जिवंत होते.

या चकाकीत एक माणूस आहे. इंजिनावर कारखान्याची पाटी असते, क्रमांक असतो, शेडचं नाव असतं. पायरीवर उभं राहून वर्षं काढलेल्याचं नाव कुठेही नसतं. त्याची नोंद झालेली असते ती फक्त या झिजेत. रुळांच्या देखाव्यात आपण वीस मिलिमीटरची प्लास्टिकची माणसं उभी करतो, पण तिथला खरा माणूस त्या बाहुल्यांपेक्षा या झिजलेल्या पायरीत जास्त असतो.

जुन्या वाड्याच्या उंबऱ्याला मधोमध पडलेली खोलगट जागा आपण कौतुकाने दाखवतो, कारण ती आपल्या माणसांच्या पावलांनी पडलेली असते. कारखान्यातल्या, यार्डातल्या, कंपनीच्या बसमधल्या झिजेला आपण तो मान देत नाही. तिला कळकट म्हणतो आणि नवा रंग कधी मारणार, असं विचारतो. रंग जरूर मारावा, कारण लोखंड टिकवायचं तर तो लागतोच. पण मारण्यापूर्वी एकदा पाहावं की रंग उडाला आहे तो कुठे. पावसाने उडाला असेल तर तो हवामानाचा हिशेब. हातापायांनी उडाला असेल तर तो श्रमाचा हिशेब, आणि त्या श्रमाचं आपण देणं लागतो.

महिनोन्महिने एका चिमुकल्या इंजिनावर डोळे खर्ची घालण्याचं मोल मला यातच दिसतं. हा छंद माणसाला झीज वाचायला शिकवतो. एकदा ती सवय लागली की ती टेबलापुरती राहत नाही. यंत्राची मूठ, फाटकाची कडी, मालवाहू लिफ्टचं बटण, पाण्याच्या टाकीचा नळ, सगळीकडे कुणाचा तरी हात दिसू लागतो.

आज सकाळच्या पाळीला निघताना, किंवा ऑफिसला जाताना, वाटेतली अशी एक झिजलेली जागा निवडा आणि ती कुणी झिजवली हे शोधा. तो माणूस बहुधा अजून कामावरच असेल. त्याला नावाने हाक मारता आली पाहिजे. माहीत नसेल तर आजच विचारून घ्या.