ठावं होतं का

दिवाळी झाली की आमच्या जळकोट भागातल्या वाड्या-तांड्यांवरून मुकादमाच्या गाड्या ऊसतोडीला निघायच्या. माझा थोरला चुलतभाऊ त्यातलाच. २००९च्या पावसाळ्यात तो घरी होता, पण ताप आणि खोकला काही हटेना. मी त्याला उदगीरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. त्याच्याच म्हणण्यावरून समुपदेशक बाईंनी मलाही आत बसवलं. म्हणाल्या, "बायकोला घेऊन या. त्यांचीही तपासणी करू."

एसटीत त्यानं माझा हात धरला. "बाबू, कुनाला बोलू नको. तुला मायची आण हाय."

मी आण घेतली. त्याची भीती खोटी नव्हती. आमच्याच जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी 'सेवालय' काढलं होतं. ही पोरं गावच्या शाळेत बसली, म्हणून पालकांनी आपापली मुलं काढून घेतल्याची बातमी त्याच दिवसांत पेपरात होती. एका बाकावर बसून, एका ताटात जेवून हा विषाणू लागत नाही, हे सांगणारे होते. पण ऐकणारं कोण?

गावात कुणी विचारलं, "काय निघालं रं?" तर मी म्हणायचो, "छातीत कफ हाय." वाटायचं, आपण दिला शब्द पाळतोय.

सात महिन्यांनी वहिनीला दिवस गेले. गरोदर बायांची ही तपासणी होतेच. तिचं रक्तही तसंच निघालं. औषधं वेळेवर मिळाली आणि लेकरू वाचलं. अठरा महिन्यांनंतरच्या तपासणीत ते निरोगी ठरलं. पण वहिनीला लागण आधीच झाली होती, की मी गप्प होतो त्या सात महिन्यांत, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.

चुलीपुढं बसून तिनं एकदाच विचारलं, "भावजी, तुमाला ठावं होतं का?"

मी खाली बघितलं. तिला उत्तर मिळालं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. पण त्या मुठीत तिचाही जीव होता. गावाचा या माहितीवर काडीचा हक्क नव्हता, तिचा होता. मी दोघांनाही एकाच तराजूत तोललं. पुढं २०१७ साली कायदा झाला, त्यातही हा फरक आहे. संमतीशिवाय कुणाचं निदान उघड करायचं नाही. पण जोडीदाराला धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक रुग्णाला आधी समजावून, ठरलेल्या अटींवर जोडीदाराला सांगू शकतात.

मी समुपदेशक नव्हतो. आण मोडून चव्हाट्यावर बोलायचीही गरज नव्हती. भावाच्या मागं लागायला पाहिजे होतं. "तू सांग, मी संगं बसतो. दोघांना उदगीरला मीच घेऊन जातो." एवढं बोलायला काय लागत होतं? पण त्याची माया आड आली, आणि खरं सांगायचं तर माझा भित्रेपणाही.

आज दोघं नेमानं गोळ्या घेतात, शेतात राबतात. दवाखान्याला निघाले की शेजारी विचारतात, "कुठं गेले?" मी म्हणतो, "पाव्हण्याकडं." हे खोटं मला जड जात नाही. ते सात महिने अजून जड जातात.