देहाचा जमाखर्च

मनुष्याला स्वतःविषयीं खरें बोलणें जितकें कठीण जातें, तितकें दुसऱ्या कशाविषयींही जात नाहीं. आपण किती उदार आहों, किती कष्ट करतों, किती थोडें खातों, यांचा अंदाज जो तो आपल्या सोयीनें करीत असतो. अशा स्थितींत रोज सकाळीं काट्यावर उभें राहून दिसेल तो आंकडा वहींत उतरवून ठेवण्याची जी चाल सुशिक्षित घरांतून पडली आहे, ती केवळ एक वेड म्हणून हंसण्यावारी नेणें योग्य होणार नाहीं. भात, पोळी, बटाटा, साखर असे पिष्टमय व गोड पदार्थ वर्ज्य करून देह हलका करूं पाहणाऱ्या मंडळींत ती विशेष आढळते. तिच्या मुळाशीं एक नैतिक प्रश्न आहे. मनुष्यानें आपल्या देहाचा हिशेब ठेवावा काय, आणि ठेवल्यास त्या हिशेबाला कितपत मान द्यावा?

ही चाल दिसते तितकी नवी नाहीं. सांतोरियो या इटालियन वैद्यानें तराजूला टांगलेल्या खुर्चींत बसून स्वतःचें, आपल्या अन्नाचें व उत्सर्गाचें वजन वर्षानुवर्षें केलें, आणि १६१४ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा हेतु शरीरव्यापार समजून घेण्याचा होता. बारीक होण्याचा नव्हता. बारीक होण्यासाठीं ठेवलेली वही विशेष गाजली ती लंडनच्या विल्यम बँटिंग याची. हा गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था लावणारा प्रतिष्ठित व्यावसायिक होता. उतारवयांत त्याला वाकून बुटाचे बंद बांधवत नसत, आणि जिना उलट्या पावलीं उतरावा लागे. ऐकूं कमी येतें म्हणून तो डॉक्टर विल्यम हार्वे यांच्याकडे गेला. त्यांनीं कानाचा दोष मेदावर ठेवला, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बियर व बटाटे यांवर बंदी घातली. ऑगस्ट १८६२ मध्यें २०२ पौंड असलेलें त्याचें वजन वर्षभरांत १५६ पौंडांवर आलें. १८६३ सालीं त्यानें ही हकीकत तारीखवार आंकड्यांसह स्वखर्चानें छापून फुकट वांटली. त्याच्या आडनांवाचें इंग्रजींत क्रियापद झालें, आणि स्वीडिश भाषेंत तें अद्याप प्रचारांत आहे.

आतां अशा वहीचा पहिला गुण कोणता? ती आत्मवंचनेला आळा घालते. आपल्याकडे या वंचनेचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनीं केली. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर साखर घातलेलें दहीं इतकें पोटांत गेल्यावरही आपण ‘आज उपास आहे’ असें निःशंकपणें सांगतों. साबुदाणा म्हणजे एका कंदाचें निव्वळ पिष्ट, हें आपणांस ठाऊक नसतें असें नाहीं. पण व्रत आणि माहिती यांची गांठ पडूं न देण्याची कला आपण साध्य केली आहे. काट्याशीं असा सलोखा करतां येत नाहीं. ‘मी कांहींच खात नाहीं’ या वाक्याचा खरेपणा तो विचारतो, आणि एवढ्यापुरता तो आपला मित्रच होय.

परंतु साक्षीदार प्रामाणिक असला म्हणजे तो सर्वज्ञ असतो असें नव्हे. पिष्टमय अन्न कमी केलें कीं यकृतांत व स्नायूंत सांठविलेलें ग्लायकोजेन प्रथम खर्चूं लागतें. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. तेंही निघून जातें. म्हणून पहिल्या आठवड्यांतच किलो-दोन किलो उतरतात आणि साधक हर्षभरित होतो. पण त्या घटींत चरबीचा वांटा थोडाच असतो. पुढें एखाद्या लग्नांत जिलबीचे चार घांस अधिक गेले कीं तेंच पाणी परत येतें आणि तो हताश होतो. दोन्ही वेळां काटा खोटें बोललेला नसतो. वजन किती, एवढेंच तो सांगतो. तें कशाचें, हें सांगण्याची त्याची शक्तीच नाहीं. आपण मात्र त्या एका आंकड्यांत आपल्या निश्चयाचें, चारित्र्याचें, किंबहुना आपल्या योग्यतेचें माप वाचूं लागतों.

येथेंच खरा धोका आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यांतून उठून काटा न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो. माझ्या परिचयाचे एक विद्वान् गृहस्थ आहेत. सकाळीं त्यांच्या काट्यानें अर्धा किलो अधिक दाखविला कीं त्या दिवशीं घरांतील मुलें त्यांच्या खोलीकडे फिरकत नाहींत. आदल्या दिवशीं त्यांनीं दोन तास एका अडचणींतील विद्यार्थ्याला शिकविलेलें असतें, आजारी शेजाऱ्याची विचारपूस केलेली असते. परंतु त्या दिवसाचा निकाल अर्ध्या किलोनें लागलेला असतो. ज्या संयमाचा हेतु रसनेच्या दास्यांतून सुटण्याचा, त्यानें मनुष्याला एका आंकड्याचा दास करून ठेवावें, यांत मुक्ति ती कोणती?

शिवाय आंकडा हें फळ आहे, कर्म नव्हे. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं २०१८ सालीं ६०९ लोकांवरील वर्षभराच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. निम्म्यांनीं पिष्ट कमी केलें, निम्म्यांनीं स्निग्ध पदार्थ. पहिल्यांचें वजन सरासरीनें ६.० किलो उतरलें, दुसऱ्यांचें ५.३, हा फरक महत्त्वाचा नव्हे असेंच त्यांनीं ठरविलें. खरा फरक दिसला तो माणसामाणसांत. एकाच पथ्यावर कोणाचें वजन पुष्कळ उतरलें, तर कोणाचें उलट वाढलें. मग बारीक झालेल्यानें गर्व कशाचा करावा, आणि न झालेल्यानें लाज कशाची धरावी? ताटांत काय घ्यावें हें बव्हंशीं आपल्या हातीं आहे. देह त्याला काय उत्तर देईल हें तितकेंसें नाहीं. कर्म आणि फल यांतील हा भेद ज्या समाजानें शतकानुशतकें घोकला, त्यानें तो न्हाणीघराबाहेरील काट्यापाशीं विसरावा, ही मोठी चमत्कारिक गोष्ट होय.

यावर कोणी म्हणेल कीं, लाज गेली तर सुधारणाही गेली. बँटिंगची हकीकत याच्या उलट साक्ष देते. लोकांच्या टोमण्यांमुळें त्याला सार्वजनिक ठिकाणीं जाणें नकोसें झालें होतें. लाज वाटण्यांत त्यानें कांहीं कसूर केली नव्हती. प्रयत्नांतही नव्हती. कोणी व्यायाम सांगितला म्हणून पहांटे नदीवर नाव वल्हवून पाहिली, तर त्यानें भूकच वाढली. वर्षानुवर्षांच्या लाजेनें जें झालें नाहीं, तें एका समंजस सल्ल्यानें झालें. त्याच्या वहींतील नोंदी दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानें केलेल्या आहेत, रोजच्या नाहींत, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. दीर्घ कालाच्या नोंदींतून दिशा कळते. रोजच्या नोंदींतून बहुधा केवळ पाण्याची चढउतार.

आणखी एक जमाखर्च या वहींत येत नाहीं. घरांतील एकाचें पथ्य बहुधा दुसऱ्याच्या हातून चालतें. यजमानांसाठीं अंडीं, पनीर व निराळ्या भाज्या, आणि इतरांसाठीं नेहमींचा स्वयंपाक, अशा दोन चुली जी गृहिणी सांभाळते, तिच्या श्रमाचा आंकडा कोठें मांडला जातो? ज्या भाकरीवर या प्रांतांतील कष्टकऱ्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, तिला ‘विष’ म्हणून ताट दूर सारणाराला आपल्या वाणीचें वजन कळलें आहे काय? प्रकृतीसाठीं भाकरी सोडणें हा विवेक आहे. भाकरी खाणाऱ्याला कमी लेखणें हा उन्मत्तपणा आहे. मधुमेहासारख्या विकारांत पिष्ट कमी करणें हितकारक ठरतें, आणि औषधें चालूं असतील त्यानें तें वैद्याच्या सल्ल्यानें अवश्य करावें. परंतु पथ्य हें पथ्यच राहूं द्यावें. त्याचा पंथ करूं नये.

आपल्या इतिहासांत माणसाला पारड्यांत बसविण्याचा एक थोर विधि आहे. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेकप्रसंगीं शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली, आणि तें सुवर्ण दान दिलें गेलें. तेथें वजन पाहणें हा शेवट नव्हता; वजनाएवढें देणें हा शेवट होता. आपणही काट्यावर अवश्य उभें राहावें, दिसेल तो आंकडा न लपवितां लिहावा, आणि वही मिटून दिवसाच्या कामाला लागावें. देह हलका झाला, तर जिना चढतां येईल, नातवाला उचलून घेतां येईल, कोणाच्या कामीं धांवून जातां येईल. त्याचें मोल यांत आहे. हें ज्याला कळलें, त्याच्या वहींतील आंकडा चढो वा उतरो, त्याचा संयम सफल झाला असें मी समजतों.