चाकाचा आवाज कोणी ऐकायचा?



एखादी गोष्ट बिघडत चालली आहे हे आपल्याला कळते. पण ती आपली नसते. अशा वेळी बोलण्याची जबाबदारी आपल्यावर येते का? आमच्यासमोर हा प्रश्न एका पिकअप गाडीच्या पुढच्या चाकाने उभा केला.

सोयाबीनच्या हंगामातली गोष्ट. संध्याकाळी शिरपूर जैनहून मालेगावला जायचे होते. ओळखीचा एक तरुण माल घेऊन निघाला होता. त्याने आम्हांला आग्रहाने पुढे बसवले. मागे पोती, आणि पोत्यांवर सोंगणीचे काम आटोपून वाटेवरच्या गावी परतणाऱ्या सात-आठ बाया. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्याला धरून नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हंगामात त्या वेळी दुसरे वाहन मिळत नाही, हेही तितकेच खरे.

गाडीने वेग घेतला की पुढून घुमल्यासारखा आवाज येई. वेगाबरोबर तो वाढे. उजव्या वळणावर जास्त, डाव्या वळणावर कमी. आम्ही त्या तरुणाकडे पाहिले. तो म्हणाला, "चालून राह्यली ना भाऊ गाडी, हंगाम होऊ द्या, मग पाहू." आणि त्याने गाण्याचा आवाज वाढवला. आम्हीही गप्प बसलो. फुकट बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीला नावे कशी ठेवायची?

पुढे जळक्या ग्रीसचा वास आला तेव्हा गाडी थांबली. डाव्या चाकाच्या हबला हात लावताच चटका बसला. हळूहळू चालवत एका गॅरेजपर्यंत पोहोचलो. मेकॅनिकने जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवले, तर ते खटखट हलले. हब उघडल्यावर ग्रीस काळे पडलेले, त्यात मातीची कचकच. रोलरवर खड्डे पडलेले. ते पुसत त्याने विचारले, "आवाज कधीपासून येऊन राह्यला होता?" आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत राहिलो.

चाक आसावर फिरते, पण आसाला घासत नाही; मध्ये बेरिंग असते. अमेरिकेतील बग्ग्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रोलरच्या बेरिंगचे पेटंट घेतले. गाडीचा भार आणि वळणावर बाजूने येणारा जोर, दोन्ही ते पेलते. अनेक पिकअपच्या पुढच्या प्रत्येक चाकात अशी दोन बेरिंगे असतात. त्यांचे आयुष्य ग्रीसवर आणि ग्रीस राखणाऱ्या सीलवर अवलंबून असते. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकावर चढतो. सील फाटले की पाणी व माती आत जाते, ग्रीस बिघडते आणि पोलाद पोलादाला खाऊ लागते. जास्त भार आणि रस्त्यातले खड्डे हे काम लवकर उरकतात. नट जास्त आवळला तर बेरिंग तापते. सैल राहिला तर चाक डुलते. पैसे वाचवण्यासाठी जुन्या कपात नुसते नवे रोलर बसवले, तर जुना कप नव्या रोलरलाही घेऊन बसतो. दुर्लक्ष फारच झाले तर बेरिंग अडकते किंवा फुटते, आणि धावत्या गाडीचे चाकही निखळू शकते.

पण हे बहुधा अचानक घडत नाही. बेरिंग आधी बोलते. आठवडेच्या आठवडे बोलते. बैलगाडीचे चाक करकरू लागले की गाडीवान खाली उतरून आसाला वंगण लावत असे. न लावले तर साऱ्या रस्त्याला त्याचा आळस ऐकू जाई. आजचा आवाज बंद काचेत, गाण्याखाली दडवता येतो. म्हणून अपघातानंतर "आम्हांला माहीत नव्हते" असे म्हणणे सोपे झाले आहे. माहीत नसणे वेगळे आणि माहीत होऊ न देणे वेगळे. पहिल्यात मनुष्य निर्दोष असू शकतो. दुसऱ्यात त्याने गाण्याचा आवाज स्वतःच्या हाताने वाढवलेला असतो.

मग सारा दोष त्या तरुणाचा का? तसे म्हणणे आम्हांला जमत नाही. त्याच्या गाडीचा हप्ता हंगाम पाहून थांबत नाही. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे बुडते. भाडे ठरवताना घासाघीस करणारे, "आणखी दोन पोती टाक" म्हणणारे, "लवकर चल, काटा बंद होईल" अशी घाई करणारे आपणच असतो. त्याच्या चाकावरच्या भारात आपलाही भार असतो.

आणि आमचे काय? आम्ही आवाज ऐकला होता. आमच्या मौनाला आम्ही सभ्यता समजलो. खरे तर ती फुकट मिळालेल्या जागेची किंमत होती, आणि ती आम्ही मागे बसलेल्या बायांच्या जिवावर चुकवत होतो. त्यांना पोत्यांवर, वाऱ्यात, तो आवाज ऐकूच येत नव्हता. ज्याला ऐकू येते त्याने ज्याला ऐकू येत नाही त्याच्या वतीने बोलायचे असते. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या चुकांबरोबर करायचे राहून गेलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. त्या संध्याकाळनंतर ते शब्द म्हणताना आम्हांला ते चाक आठवते.

फार मोठे काही करायचे नव्हते. "दादा, चाकाचा आवाज येतोय. थांबून पाहू, आम्हांला उशीर झाला तरी चालेल," एवढेच म्हणायचे होते. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. दोष दाखवणाऱ्याने उशिराचा थोडा वाटा उचलला, तर दोष मान्य करणे समोरच्याला सोपे जाते. नुसता दोष दाखवला, तर तो गाण्याचा आवाज आणखी वाढवतो.

घरात, शेजारात, आपल्या धर्मग्रामातही अशी चाके असतात. कोणाचे पिणे वाढलेले असते, कोणाचे कर्ज, कोणाचे एकटेपण. आवाज येत असतो, आणि गाडी आपली नसते. येत्या आठवड्यात निदान एकदा तरी, उशीर सोसायची तयारी ठेवून, तो आवाज ऐकू या आणि बोलू या.